परदेशी विद्यापीठाबरोबर मुलांच्या वाढीचा आणि हाडांच्या आजारांचा अभ्यास: करारावर सही करण्याआधी काय बघावं?

पोड_ते_पीएचसी

यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी आणि केळापूर तालुक्यांत आमची संस्था काम करते. कोलाम पोडं (कोलामांच्या वस्त्या) आणि आजूबाजूची गावं मिळून २ ते १२ वर्षांची साधारण ६०० मुलं एका अभ्यासात घ्यायचं चाललं आहे. उंची कमी, गुडघे आत वळलेले किंवा पायांना बाहेर बाक आलेला, मनगटं जाड, अशी मुलं अंगणवाडीताईंना आणि आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाला नेहमी दिसतात.

युरोपातल्या एका विद्यापीठाने भागीदारीचा मसुदा पाठवला आहे. प्रत्येक मुलाची उंची, वजन, डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि ५ मिली रक्त. रक्त इथे गोठवून तिकडे पाठवायचं, व्हिटॅमिन डी तिकडे मोजणार, एक्स-रेही तिकडेच वाचणार. सुरुवात ऑक्टोबरमध्ये, वर्षभराने पुन्हा मोजमाप. पैसे थेट आमच्या संस्थेच्या खात्यात देऊ म्हणतात. एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी आहे, संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी स्वतःची नीती समिती नाही.

परवानग्यांचा क्रम काय? मोजमापात कुठे चुकतं? आणि मसुदा आहे तसा स्वीकारावा की बदल मागावेत? ज्यांनी असं काम जवळून पाहिलं आहे त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही, पण महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

---

मसुदा_तपासनीस

ताई, परवानग्यांचं आधी सांगतो, बाकीचे मोजमापावर लिहितीलच.

नीती समितीचं पत्र हातात आलं की काम सुरू करायचं, असा पुष्कळांचा समज असतो आणि तिथेच फसगत होते. परदेशी पैसा, परदेशी भागीदार किंवा बाहेर जाणारे नमुने, यातलं एकही असलं तरी आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची, मंजुरी लागते. तुमच्याकडे तिन्ही आहेत. त्या अर्जाला दोन्ही बाजूंच्या नीती समित्यांची पत्रं, सामंजस्य करार, नमुने हस्तांतरणाचा करार आणि खर्चाचा तपशील जोडावा लागतो. म्हणजे ही कागदपत्रं आधी, एचएमएससी नंतर आणि पहिलं मूल त्याच्याही नंतर. मसुद्यातला ऑक्टोबर याच ऑक्टोबरचा असेल तर तो विसरा.

स्वतःची समिती नसली तरी अडत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखी करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरता येते. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं हे जवळचे पर्याय. त्या समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का, हे नोंदणी क्रमांकासकट विचारून घ्या. औषधचाचण्यांसाठीची नोंदणी वेगळी असते. ती दाखवून भागत नाही. अभ्यासात पुढे कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी देऊन तुलना करायची ठरली, तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद झालीच पाहिजे.

पैशाबद्दल. परदेशी देणगी फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेकडून गावपातळीचं काम करून घ्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. माणसं तुमच्याच वेतनपत्रकावर हवीत, आणि बजेट मांडताना कोणता पगार प्रशासकीय धरला जाईल हे सीएला विचारा, परदेशी भागीदाराला नको.

संमतीत तीन पायऱ्या आहेत. ७ वर्षांखाली पालकांची संमती पुरते. ७ ते १२ मध्ये मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. १२ च्या पुढे मुलाचा लेखी होकार. तुमची वरची वयोमर्यादा १२ आहे आणि वर्षभराने परत मोजायचं आहे, त्यामुळे दुसऱ्या फेरीत काही मुलं लेखी होकाराच्या वयात गेलेली असतील. तो फॉर्म पहिल्याच अर्जात मंजूर करून घ्या, नाहीतर त्या एका कागदासाठी पुन्हा समितीपुढे जावं लागेल.

कोलाम हा विशेष असुरक्षित आदिवासी गट. गाव पेसात (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्यात) असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, पोडात नाईक आणि महाजनांशी आधी बोला. पण पोडाने हो म्हटलं म्हणून घराघरातली संमती आपोआप मिळाली असं धरू नका, आणि उलट, एखाद्या घराने नाही म्हटलं तर ते नाव पोडात चर्चेला येणार नाही याची काळजी घ्या. माहितीपत्रक मराठीत आणि कोलामीत तोंडी सांगायचं असेल तर सांगण्याचा मजकूरही समितीकडून मंजूर करून घ्यायचा असतो.

नमुन्यांच्या करारात हे हवंच: कोणत्या तपासण्या करणार त्यांची नावं, उरलेल्या रक्ताचं काय आणि किती महिन्यांत, तिसऱ्या प्रयोगशाळेला देणार नाही, जनुकीय तपासणी वेगळ्या संमतीशिवाय नाही. "भविष्यातील संशोधनासाठी" ही ओळ मसुद्यात हमखास असते. ती वेगळ्या चौकटीत टाका, वेगळी सही किंवा अंगठा. तिला नाही म्हणणारं मूलही मुख्य अभ्यासात राहिलं पाहिजे.

---

फूटपट्टी

भाऊ म्हणतात तो कागदोपत्री भाग झाला. मोजमापावर मी लिहितो, कारण अभ्यास वाया जातो तो बहुतेक वेळा इथे.

अंगणवाडीत जो वाढीचा तक्ता लावलेला असतो तोच मुळात सहा देशांच्या सहकार्यातून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तो अभ्यास १९९७ ते २००३ चालला: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. आपल्याकडचं केंद्र दक्षिण दिल्ली. ५ वर्षांपर्यंतचे तक्ते २००६ मध्ये आले. त्या अभ्यासात दोन मोजणारे एकमेकांचा आकडा न पाहता स्वतंत्र मोजत, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की दोघंही पुन्हा मोजत: वजनात १०० ग्रॅम, उंचीत ७ मिमी, डोक्याच्या आणि दंडाच्या घेरात ५ मिमी. हा नियम जसाच्या तसा तुमच्या कार्यपद्धतीत उतरवा. परदेशी टीमलाही तो लगेच पटेल.

उपकरणं: १ मिमीपर्यंत वाचता येणारा स्टॅडिओमीटर, २ वर्षांखालच्यांसाठी झोपवून लांबी मोजणारा इन्फँटोमीटर (तुमच्या मुलांचं वय २ पासून आहे, पण जन्मतारखेचा गोंधळ झाला की लागतोच), ५० किंवा १०० ग्रॅमचा डिजिटल काटा. भिंतीला चिकटवलेली कागदी पट्टी नको. मातीच्या भिंतीवर ती सरळ बसत नाही आणि पावसाळ्यात ताणते. स्टॅडिओमीटर शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. एक जाड प्लायवूडची फळी सोबत न्या, तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून खाली पातळ पाचर मारा. रोज सकाळी १ मीटरच्या धातूच्या दांड्याने उंची आणि ५ किलोच्या प्रमाणित वजनाने काटा तपासून वहीत लिहा. ही वही दुसऱ्या फेरीपर्यंत जपायची.

मूल उभं करताना: चपला काढून, टाचा, पोटऱ्या, ढुंगण, खांदे आणि डोक्याची मागची बाजू जमेल तितकी टेकलेली, नजर समोर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड आडव्या एका रेषेत. मुलींचा अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडायला लावा. हे काम माय किंवा आजीनं केलं तर पोरगी कुरकुरत नाही. केसांत १ सेंमी सहज लपतो. सकाळ ते संध्याकाळ उंची साधारण १ सेंमीपर्यंत कमी होते, म्हणून पहिल्या फेरीत ज्या वेळी मोजलं त्याच दोन तासांत दुसऱ्या फेरीत मोजा. वर्षाला ५-६ सेंमी वाढणाऱ्या मुलात १ सेंमीची चूक म्हणजे वाढीच्या वेगाचा पाचवा-सहावा हिस्सा गेला.

आता गुडघे वळलेल्या मुलांचं. त्यांची उभी उंची खोटी बोलते, कारण पायाची लांबी आडवी गेलेली असते. अशा मुलांत बसलेली उंची आणि दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, ही दोन मापं घेतल्याशिवाय उंचीचा आकडा वापरू नका. गुडघे आत वळले असतील तर गुडघे टेकवून घोट्यांमधलं अंतर, बाहेर बाक असेल तर घोटे टेकवून गुडघ्यांमधलं अंतर. आणि सावध: २ वर्षांपर्यंत थोडा बाहेरचा बाक आणि ३-४ वर्षांत गुडघे आत येणं हे पुष्कळदा नैसर्गिक असतं, ७ च्या आसपास ते सरळ होतं. तिथे आजार शोधत बसू नका.

सगळ्यात मोठं भोक मात्र वयाचं. शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै सापडते. ३ वर्षांच्या मुलग्याची प्रमाण उंची ९६.१ सेंमी, अडीच वर्षांच्याची ९१.९. म्हणजे सहा महिन्यांची चूक ४ सेंमीला पडते आणि त्या वयात एक प्रमाण विचलन ३.७ सेंमीचं आहे. पोरगं काहून खुजं दिसतं म्हणून डोकं खाजवायचं, अन् दोष तारखेचा! माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मनोंद, लसीकरणाची नोंद, शेवटी सणावरून (पोळ्याआधी की दिवाळीनंतर) असा उतरता क्रम ठेवा आणि तारीख कशावरून घेतली याचा स्वतंत्र रकाना करा. विश्लेषणात वयानुसार उंचीच्या झेड-स्कोअरचं (उंची प्रमाणापासून किती विचलनं दूर, त्या आकड्याचं) प्रमाण विचलन दीडच्या वर गेलं की आधी तारखा तपासायच्या, कुपोषणाचे निष्कर्ष नंतर.

मोजणारे तयार करायला २ दिवसांचं प्रशिक्षण आणि १० मुलांची चाचणी: प्रत्येकाने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, आधीचा आकडा झाकून. जो स्वतःशीच जुळत नाही त्याला नोंदणीवर बसवा, मोजायला नको. अंगणवाडीताईंना या कामात मदतीला घ्या पण मोजणाऱ्या म्हणून नको. त्यांच्यावर पोषण ट्रॅकरचं ओझं आधीच पुरेसं आहे.

---

मेटाफिसिस

मी मसुद्याच्या मुळावरच बोट ठेवणार. परदेशी टीमने प्रश्न चुकीचा निवडला आहे असं माझं मत.

त्यांनी फक्त व्हिटॅमिन डी धरलं आहे. उत्तर युरोपात ते बरोबर ठरेल, तिथे ऊन कमी. झरी जामणीत दिवसभर उन्हात खेळणाऱ्या मुलाला मुडदूस झाला तर पहिला संशय आहारातल्या कॅल्शियमवर जायला हवा. नायजेरियात मुडदूस असलेल्या मुलांवर झालेली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या मुलांच्या आहारात कॅल्शियम दिवसाला साधारण २०० मिग्रॅ होतं. कॅल्शियम एकटं किंवा व्हिटॅमिन डीसोबत दिलेल्या मुलांची हाडं नुसतं व्हिटॅमिन डी दिलेल्यांपेक्षा जास्त चांगली भरून आली. २०१६ च्या जागतिक सहमती-पत्रकातही आहारातलं कॅल्शियम दिवसाला ३०० मिग्रॅखाली असेल तर, व्हिटॅमिन डी कितीही असो, मुडदुसाचा धोका सांगितला आहे. ज्वारी, भात, पातळ वरण आणि दूध फक्त चहात, अशा जेवणात ३०० चा आकडा गाठणं अवघड आहे. त्यात धान्यातलं फायटेट हे द्रव्य आहे तेवढं कॅल्शियमही अडवून धरतं.

दुसरी गोष्ट पाणी. तुमच्या भागातल्या काही बोअरना फ्लोराइड जास्त आहे हे तुम्हाला माहीतच असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्येच फ्लोराइडग्रस्त भागातल्या मुलांचे गुडघे आत वळण्याचा प्रकार नोंदवला होता. फ्लोराइड जास्त आणि कॅल्शियम कमी हे दोन्ही एकत्र आले की मुलांची हाडं जास्त बिघडतात. पाणी न तपासता हा अभ्यास केला तर निष्कर्ष येईल "व्हिटॅमिन डी कमी", गोळ्या वाटल्या जातील, आणि पाय तसेच राहतील.

मागायचे बदल:

रक्तात व्हिटॅमिन डीबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (पुढे नुसतं फॉस्फटेज), अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड संप्रेरक). यांच्या जोडीवरून रोग वेगळा ओळखता येतो. फॉस्फटेज आणि पीटीएच दोन्ही वर आणि व्हिटॅमिन डी ३० नॅनोमोल प्रतिलिटरखाली (आपल्या लॅबच्या भाषेत १२ नॅनोग्रॅम) असेल तर व्हिटॅमिन डीचा मुडदूस. तेच दोन्ही वर पण डी ठीकठाक, तर कॅल्शियमची कमतरता. फॉस्फरस खूप कमी आणि पीटीएच जवळपास सामान्य असेल तर मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया जाणारा आनुवंशिक प्रकार. त्याला साधं व्हिटॅमिन डी लागू पडत नाही, फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल लागतं. क्रिएटिनिन वर असेल तर मूत्रपिंडाचा आजार. फॉस्फटेज अगदी सामान्य असून हाडं वेडीवाकडी असतील तर तो बहुधा मुडदूस नव्हे, अस्थि-दुर्विकास (हाडांच्या घडणीतलाच जन्मजात दोष) असू शकतो. आणि फॉस्फटेज वयाच्या मानाने फारच कमी असेल तर हायपोफॉस्फटेशिया हा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवा. प्रौढांची संदर्भमर्यादा छापणाऱ्या लॅबच्या कागदावर मात्र वाढत्या वयाची बहुतेक मुलं आजारी दिसतात, तेव्हा मर्यादा वयानुसार घ्या.

एक्स-रे फक्त मनगटाचा का? मुडदुसाची तीव्रता मोजायचा जो १० गुणांचा ठॅचर स्कोअर आहे त्यात मनगटाला ४ आणि गुडघ्याला ६ गुण. तक्रार पायाची आणि फोटो हाताचा, हे काही पटत नाही. उलट सरसकट ६०० मुलांचा एक्स-रे काढायची गरज नाही. ज्यांत लक्षणं आहेत किंवा फॉस्फटेज वर आहे ती मुलं आणि वय-लिंग जुळवून घेतलेली काही निरोगी मुलं, एवढ्यांचा मनगट आणि गुडघा. मनगटाचा किरणोत्सर्ग नगण्य असतो हे खरं, तरी कारण नसताना तोही नको. यंत्राला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आहे का बघा.

फिल्मचा मोबाईलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत या अभ्यासात बंद करा. वाढीच्या चकतीजवळची कड फाटली आहे की धूसर आली आहे, हे त्यात कळत नाही. यंत्रातून निघणारी मूळ डायकॉम फाइल ठेवा. दोन वाचक, दोघांपासून मुलाची माहिती लपवलेली, त्यातला एक आपल्याकडचा रेडिओलॉजिस्ट. हाडाचं वय काढताना ग्रॉयलिख-पाइल ॲटलास वापरणार असतील तर लक्षात असू द्या की तो १९५० चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मुलांवरचा आहे. आपोआप वय काढणारी सॉफ्टवेअरं मुडदुसाची बिघडलेली हाडं पुष्कळदा नाकारतात. त्या मुलांसाठी माणूसच लागेल.

आणि सिकलसेल. विदर्भात हाडं दुखणारं, वाढ खुंटलेलं मूल पाहिलं की ती तपासणी आधी. बाळाचे हातपाय सुजणं, मोठ्या मुलाला खुब्यात दुखणं, हे "कॅल्शियम कमी" म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतं. आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी.

---

पोड_ते_पीएचसी

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. त्यांना बदल कळवले. उत्तर आलं की कॅल्शियम आणि पीटीएच चालेल, पण पाण्याची तपासणी "अभ्यासाच्या कक्षेबाहेर" आहे. रक्ताच्या बाबतीत विचारतात की उणे ८० चा फ्रीजर घेऊन दिला तर पांढरकवड्यात ठेवाल का. पाणी सोडून द्यावं का? आणि फ्रीजरचं काय सांगू?

---

उणे_ऐंशी

फ्रीजर घेऊन देणं सोपं असतं, तो चालवणं अवघड. उणे ८० चे बहुतेक फ्रीजर खोलीचं तापमान ३०-३२ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे बाहेर ४५ आणि त्यावर जातं. एसी नसलेल्या खोलीत काँप्रेसर सतत चालून बसतो. म्हणून फ्रीजरबरोबर एसी, स्टॅबिलायझर, जनरेटर आणि त्याचं डिझेल, एसएमएस पाठवणारा अलार्म आणि वार्षिक देखभाल करार एवढं सगळं बजेटमध्ये मागा. ते द्यायला तयार नसतील तर तालुक्यात ठेवू नका. नागपूर किंवा वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा घ्या आणि गावातून बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी पोहोचवा.

गावातली पद्धत अशी ठेवा. मूल उपाशीपोटी असावं, निदान फॉस्फरससाठी. आधी साध्या नळीत ३ मिली, मग जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत २ मिली. हा क्रम उलटा करायचा नाही. ईडीटीएचा अंश साध्या नळीत गेला की कॅल्शियम आणि फॉस्फटेज खोटे कमी दिसतात, पोटॅशियम खोटं वर. एकाच टीमचे त्याच दिवसाचे सगळे कॅल्शियम कमी आले तर आधी हीच शंका घ्यायची. दंडाला पट्टा मिनिटाभराहून जास्त नको, कॅल्शियम वर जातं. बारीक सुईने जोरात ओढलं तर रक्तपेशी फुटून फॉस्फरस वर जातो. १२ किलोच्या मुलात एकूण रक्त साधारण ९६० मिली, त्यातले ५ मिली म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मायबायांना समजावताना एक लहान चमचा दाखवा.

साधी नळी अर्धा तास उभी, सावलीत, बर्फात न ठेवता. रक्त नीट गोठायच्या आधी गार केलं की नंतर सीरममध्ये धागे उतरतात आणि मशीनची सुई बंद पडते. ईडीटीए नळी मात्र लगेच गार पेटीत. पीटीएच त्यात सीरमपेक्षा चांगला टिकतो. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज. पोडात वीज असेलच असं नाही, तेव्हा गाडीत इन्व्हर्टरवर चालणारं छोटं सेंट्रिफ्यूज ठेवा आणि गाडी थांबवूनच फिरवा. ३ मिली रक्तातून सव्वा ते दीड मिली सीरम निघतं, त्याच्या ०.४ मिलीच्या तीन कुप्या करा. जेलची नळी तशीच गोठवू नका. लेबल थंडीत टिकणारं, बारकोडचं. बॉलपेनने लिहिलेलं दवाने पुसलं जातं. कुपीवर मुलाचं नाव नको, क्रमांक फक्त.

तीनपैकी एकच कुपी परदेशी. एक इथल्या तपासणीला, एक इथे राखीव, शक्य तर दुसऱ्या शहरातल्या फ्रीजरमध्ये.

पाठवताना तिहेरी वेष्टन, जैविक नमुन्यांचं यूएन ३३७३ लेबल, कोरड्या बर्फासाठी यूएन १८४५ आणि बर्फाचं निव्वळ वजन पेटीवर. पेटी हवाबंद करू नका. बर्फाचा वायू होतो आणि दाबाने पेटी फुटते. साध्या थर्माकोल पेटीतून दिवसाला २-३ किलो बर्फ उडून जातो असं धरा आणि प्रवास ३ दिवसांचा असेल तर ६ दिवसांचा बर्फ भरा. सोमवारी पाठवा. शुक्रवारी पाठवलेली पेटी विमानतळावर शनिवार-रविवार बसते. एचएमएससीचं पत्र, करार, नीती समितीची पत्रं आणि संसर्गजन्य नसल्याचं निवेदन यांच्या प्रती पेटीच्या बाहेरच्या पाकिटात.

---

मसुदा_तपासनीस

इथे मला एक खटकतं. कॅल्शियम, फॉस्फरस, फॉस्फटेज नागपुरात त्याच दिवशी होतं, मग व्हिटॅमिन डीसाठी तरी रक्त बाहेर का जावं? नमुने बाहेर जात नसतील तर करार सोपा होतो, आणि पालकांना निकाल आठवड्यात देता येतो. परदेशी प्रयोगशाळेतून आठ महिन्यांनी आलेला आकडा मुलाच्या काय कामाचा?

---

उणे_ऐंशी

निकालाचा मुद्दा मान्य. पण व्हिटॅमिन डीच्या मोजणीत पद्धतीगणिक आकडा बदलतो. इम्युनोअसे आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या दोन पद्धतींत फरक येतो आणि ३० च्या रेषेजवळची मुलं इकडची तिकडे होतात. मधला मार्ग: सगळं इथेच मोजा, डेक्वास या आंतरराष्ट्रीय गुणवत्ता योजनेत भाग घेणाऱ्या लॅबमध्ये. दहातली एक कुपी, म्हणजे ६० मुलांची, तुलनेसाठी बाहेर. दोन्ही निकालांतला फरक लेखात छापायचा. करारात एकक आत्ताच ठरवा: व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅमला २.५ ने गुणलं की नॅनोमोल, कॅल्शियम मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला ०.२५ ने गुणलं की मिलिमोल प्रतिलिटर, फॉस्फरसला ०.३२३. एकत्र केलेल्या डेटात एका बाजूचा १५ आणि दुसऱ्या बाजूचा १५ वेगळे असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

---

मेटाफिसिस

पाणी सोडू नका, ताई. त्यांच्या बजेटमध्ये बसत नसेल तर तुमचा स्वतंत्र भाग म्हणून नीती समितीच्या त्याच अर्जात घाला. खर्च किरकोळ आहे. प्रत्येक मुलाच्या घरचा, शाळेतला आणि अंगणवाडीतला स्रोत, शेतावर प्यायचं पाणी वेगळं असेल तर तेही. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत, काचेच्या नाही, बोअर दोन-तीन मिनिटं चालवून. इलेक्ट्रोड पद्धतीने मोजणारी लॅब निवडा. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा. भारतीय मानकात १ मिग्रॅ प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मुलांच्या कायमच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग डीन निर्देशांकाने नोंदवा; ६-७ वर्षांपुढच्या मुलांत ते लहानपणीच्या फ्लोराइडची नोंद आयतीच देतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट थोडं दाट होतं, हे घरोघरी सांगायला लागेल. पाण्यातलं फ्लोराइड काढायचं तुरटी-चुन्याचं नलगोंडा तंत्र नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेचं. पण गावात ते चालवायला रोज माणूस लागतो, म्हणून शक्य तिथे स्रोत बदलणं बरं.

उपचारांची जबाबदारी करारात कोणाची, हेही लिहून घ्या. १ ते १२ वर्षांच्या मुलाच्या मुडदुसाला २०१६ च्या सहमतीनुसार रोज ३००० ते ६००० युनिट व्हिटॅमिन डी निदान १२ आठवडे आणि रोज ५०० मिग्रॅ कॅल्शियम. व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटांच्या पाकिटांवर सगळं भागवायची सवय आहे आपल्याकडे, आणि कॅल्शियम विसरलं जातं. औषध सुरू करायच्या आधी रक्त घ्या. १२ आठवड्यांनी फॉस्फटेज आणि एक्स-रे सुधारला नाही तर फॉस्फेटचा प्रकार किंवा दुर्विकास समजून पुढे पाठवा. दुर्मिळ आजार धोरणातलं राज्यातलं केंद्र मुंबईचं केईएम आहे. जिल्ह्याच्या डीईआयसीमधून (मुलांच्या आजारांचं लवकर निदान करणाऱ्या केंद्रातून) कागद करून पाठवलं तर सोपं जातं. प्रवासखर्च बजेटमध्ये मागा.

---

फूटपट्टी

महिन्याचं राहिलंच. ऑक्टोबर नकोच, परवानग्या आल्या तरी. सोयाबीनची सोंगणी आणि लगेच कापसाची वेचणी, घरी कोणी सापडत नाही, संमती द्यायला मायबाप दोघं मिळणं दूरच. मार्चमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात मोकळा, सकाळी गारवा असतो म्हणजे नमुनेही टिकतात. व्हिटॅमिन डी ऋतूप्रमाणे खालीवर होतं, म्हणून दुसरी फेरी त्याच पंधरवड्यात, दोन मोजमापांत अंतर १२ महिने, दोन आठवडे इकडेतिकडे. जे मूल त्या दिवशी गावाला गेलं असेल त्याच्यासाठी परत येण्याचे दोन दिवस आधीच ठरवून ठेवा, मालकाच्या शेतावर जाऊन मोजू नका. मजुरी बुडालेल्या पालकाला त्या दिवसाची रोजी द्यायची असेल तर रक्कम समितीकडून मंजूर हवी आणि सगळ्या गावांत सारखी.

---

पोड_ते_पीएचसी

फेब्रुवारी, स्थानिक तपासणी, ६० कुप्या बाहेर, गुडघ्याचा एक्स-रे, पाण्याचा भाग आमचा, एवढं घालून सुधारित मसुदा आज पाठवते. डेटाची प्रत इथे आणि लेखकांत इथली दोन नावं, हे पण टाकलं आहे. मसुदा_तपासनीस भाऊ, नमुने हस्तांतरणाच्या करारातली तपासण्यांची यादी टाकते इथेच, एकदा नजर घाला.

---

मसुदा_तपासनीस

टाका. यादीत "इत्यादी" हा शब्द कुठेही राहू देऊ नका.